‘आम्ही’ आणि ‘आपण’ : इंग्रजीच्या वर्गातील कथा

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो. ‘आपण’ म्हणताना त्याला आत घेतो. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ या दोन वाक्यांत पंगतीचा सारा प्रश्न सामावलेला आहे. हा भेद एकट्या मराठीचा नव्हे. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ अशा जोड्या आहेत. हिंदी व बंगाली यांना मात्र एकाच शब्दावर भागवावे लागते. इंग्रजीचेही तसेच आहे. तिच्या ‘वी’मध्ये कोण आहे आणि कोण नाही हे त्या शब्दावरून कळत नाही, ते संदर्भावरून, म्हणजे बहुधा बोलणाऱ्याच्या अधिकारावरून, ठरते.

तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. या एवढ्याशा व्याकरणविशेषाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे. तो प्रसंग पुढे येईल. त्यापूर्वी एवढेच नमूद करतो की इंग्रजीच्या वर्गात कथा वाचून विद्यार्थ्याला ‘स्वत्वाची ओळख’ होते, त्याच्यावर ‘मूल्यांचे संस्कार’ होतात, अशी जी वाक्ये आपण अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत वर्षानुवर्षे लिहीत आलो, ती खोटी नाहीत. परंतु ती घटना कशी घडते याविषयी ती काहीच सांगत नाहीत. कथेतून मूल्य निघते ते उसातून रस निघावा तसे नव्हे. कथा कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि सांगताना ‘आपण’ कोणाला म्हणतो, या तीन गोष्टींविषयी वाचणाऱ्याच्या मनात जो तंटा उभा राहतो, त्या तंट्यात मूल्य जन्माला येते. तो तंटा वर्गात होऊ दिला नाही तर उरते ते तात्पर्य. ते पाठ करता येते, आणि परीक्षेनंतर विसरताही येते.

इंग्रजी वाङ्मय हा अध्ययनाचा विषय म्हणून आपल्याकडे कसा आला हे येथे थोडक्यात आठवणे इष्ट होईल. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली आणि इंग्रजी ग्रंथांचे अध्ययन तर त्याच्याही आधीपासून चालू होते. ऑक्सफर्डमध्ये मात्र इंग्रजीचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम १८९४ च्या सुमारास सुरू झाला, आणि केंब्रिजमध्ये त्याला १९१७ साल उजाडले. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात या विलक्षण कालक्रमाची मीमांसा केली आहे. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण स्वीकारलेल्या सरकारला शाळांतून बायबल शिकवणे अडचणीचे होते. तेव्हा नीतिशिक्षणाचे काम काव्य-नाटकांवर सोपवण्यात आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे ‘मूल्यशिक्षण’ हा आपल्या इंग्रजीच्या वर्गाला मागाहून जोडलेला अलंकार नव्हे. तो वर्ग त्यासाठीच भरवला गेला होता. मात्र मूल्ये कोणाची आणि शिकायची कोणी, हे आधीच ठरलेले होते.

या ठरलेल्या गोष्टीला वर्गातूनच पहिला धक्का कसा बसतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण आपल्याकडचे नाही. ते नायजेरियातील आहे. इबादान येथे १९४८ साली विद्यापीठ-महाविद्यालय सुरू झाले. ते लंडन विद्यापीठाशी संलग्न होते. त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत चिनुआ अचेबे हा अठरा वर्षांचा तरुण होता. त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती ती वैद्यकासाठी. वर्षभरात त्याने ती शाखा सोडली, शिष्यवृत्तीवर पाणी सोडले आणि इंग्रजी, इतिहास व धर्म हे विषय घेतले. अभ्यासक्रम लंडनचाच होता, परंतु अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या परिचयाचे काही असावे या सद्भावनेने त्यात जॉइस केरी यांची ‘मिस्टर जॉन्सन’ ही १९३९ सालची कादंबरी नेमली. केरी स्वतः नायजेरियात वसाहतीच्या सेवेत अधिकारी होते. कादंबरीचा नायक जॉन्सन हा एक भोळा, उधळ्या, साहेबाच्या कृपेवर जगणारा आफ्रिकी कारकून आहे. शेवटी त्याच्याच विनंतीवरून त्याचा साहेब रडबेक त्याला गोळी घालतो. इंग्लंड-अमेरिकेत या कादंबरीची वाखाणणी झाली होती.

वर्गात मात्र वेगळेच घडले. अचेबे यांनी ‘होम अँड एक्झाइल’ (२०००) मध्ये ही हकीकत सांगितली आहे. एका विद्यार्थ्याने उठून अध्यापकांना सांगितले, की या पुस्तकातला मला आवडलेला क्षण एकच, जॉन्सनला गोळी घातली जाते तो. हे ऐकून अध्यापकांची काय स्थिती झाली असेल याची कल्पना कोणाही शिक्षकाला येईल. त्यांचा हेतू शुद्ध होता. ‘तुमच्याविषयीचे पुस्तक मी तुमच्यासाठी आणले’ असे त्यांना वाटत होते, आणि ‘हे आम्ही नव्हे’ असे विद्यार्थी म्हणत होते. या ‘हे आम्ही नव्हे’मध्ये आत्मशोधाचा आरंभ आहे असे मी मानतो. स्वत्वाची ओळख आरशात प्रतिबिंब पाहून होते असे आपण समजतो. पुष्कळदा ती वाकड्या आरशावर संतापून होते. संतापाच्या भरात लिहिलेले वाङ्मय सहसा टिकत नाही हे खरे. परंतु अचेबे यांनी त्या संतापाला काही वर्षे मुरू दिले, आणि १९५८ साली ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ प्रसिद्ध झाली. तिचे नाव येट्सच्या कवितेतून घेतलेले आहे, म्हणजे तेही इंग्रजीच्या वर्गातूनच आलेले. ज्या वर्गाने जॉन्सन दिला त्यानेच येट्सही दिला. हा हिशेब एकेरी नाही.

ही कादंबरी आज जगभरच्या इंग्रजीच्या वर्गांत वाचली जाते. ती बहुधा ‘परंपरा आणि आधुनिकता यांचा संघर्ष’ या शीर्षकाखाली शिकवली जाते. त्या शीर्षकाने तिचे जे नुकसान केले आहे त्याची भरपाई होणे कठीण. वस्तुतः ती गोष्टींविषयीची कादंबरी आहे. उमुओफिया गावचा नामांकित मल्ल ओकोंक्वो आपल्या मुलांना संध्याकाळी आपल्या ओबीत, म्हणजे पुरुषांच्या खोलीत, बसवून लढायांच्या, शत्रूला गाठून लोळवल्याच्या गोष्टी सांगतो. थोरला मुलगा न्वोये त्या ऐकतो, आवडल्यासारखे दाखवतो. कारण पुरुषासारखे पुरुष व्हायचे तर तेच आवडायला हवे. त्याचे मन मात्र आईच्या गोष्टींत असते. धूर्त कासवाची गोष्ट, पृथ्वी व आकाश यांच्या भांडणाची गोष्ट. त्या भांडणात आकाशाने सात वर्षे पाऊस रोखून धरला, आणि अखेर गिधाडाला याचना करायला पाठवावे लागले. येथे अचेबे मूल्यांविषयी एक शब्दही बोलत नाहीत. दोन प्रकारच्या गोष्टी आणि त्यांच्यामध्ये ओढला जाणारा एक मुलगा, एवढेच ते दाखवतात. पण घरात दया हे मूल्य बायकांच्या चुलीपाशी आणि शौर्य हे पुरुषांच्या बैठकीत कसे वाटून टाकले आहे, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही निबंधातून होणार नाही.

पुढे न्वोयेला भावासारखा झालेला इकेमेफुना देवतेच्या आज्ञेने मारला जातो, आणि त्यात बापाचा हात असतो. जुळी मुले अरण्यात टाकून दिली जातात. त्यांचे रडणे न्वोयेने ऐकलेले आहे. या दोन प्रश्नांना त्याच्या गावच्या कोणत्याही गोष्टीत उत्तर नाही. मग मिशनरी येतात. त्यांच्या धर्मतत्त्वांतले त्याला काही कळत नाही. अंधारात व भयात बसलेल्या भावांविषयीचे त्यांचे एक गीत मात्र त्याच्या मनात उतरते. अचेबे स्पष्ट सांगतात की त्याला ओढून नेले ते तर्काने नव्हे, काव्याने. तो घर सोडतो आणि आयझॅक हे नाव घेतो.

हा भाग शिकवताना अध्यापकाची परीक्षा असते. परकी कथा ही केवळ आक्रमण म्हणून येते, असे शिकवणे सोपे आहे आणि हल्ली ते लोकप्रियही आहे. अचेबे यांची प्रामाणिकता त्याच्या पलीकडची आहे. परकी गोष्ट घरात शिरली कारण घराच्या गोष्टींत एक भोक होते, हे त्यांनी लपवले नाही. आणि त्या भोकातून पुढे तुरुंग, कचेरी व फाशीही आत आली, हेही नाही.

याच कादंबरीत, अकराव्या प्रकरणात, एक्वेफी आपल्या मुलीला रात्री कासवाची गोष्ट सांगते. पक्ष्यांना आकाशातील लोकांनी मेजवानीला बोलावलेले असते. कासव गोड बोलून प्रत्येकाकडून एकेक पीस उसने घेते, त्याचे पंख करते आणि त्यांच्याबरोबर निघते. वाटेत ते सांगते, अशा मेजवानीला जाताना प्रत्येकाने नवे नाव घ्यायचे असते. आणि स्वतःचे नाव ठेवते ‘तुम्ही सर्व’. वर गेल्यावर पाने मांडली जातात. कासव विचारते, हे कोणासाठी? यजमान म्हणतात, तुम्हां सर्वांसाठी. झाले, उत्तम ते सारे कासवाच्या पोटात जाते आणि पक्ष्यांना उष्टे उरते. शेवटी पक्षी आपली पिसे काढून घेतात, पोपट मुद्दाम उलटा निरोप पोचवतो, आणि कासव कठीण वस्तूंच्या ढिगावर पडून त्याच्या पाठीचे तुकडे होतात.

लहान मुलीला झोपवण्यासाठी सांगितलेली ही गोष्ट मला वाङ्मयाच्या अध्यापनाविषयीची एक गंभीर टीका वाटत आली आहे. आपल्या पिढीला शिकवले गेले की इंग्रजी वाङ्मय ‘मानवा’चे आहे, त्यातील भावना ‘वैश्विक’ आहेत. तो मानव कोण, याची चौकशी करण्याचे धैर्य वर्गात नव्हते. एका विशिष्ट देशाच्या, विशिष्ट वर्गाच्या अनुभवाने ‘तुम्ही सर्व’ हे नाव घेतले होते आणि पिसे आमची होती. अचेबे यांनी ‘वैश्विक’ या विशेषणावर पुढे जी नापसंती व्यक्त केली तिचे मूळ या कासवात असावे असा माझा तर्क आहे. अर्थात या तर्काचा दुसरा अर्धा भागही बोलला पाहिजे. आपल्या घरच्या परंपरेतही ‘आपली संस्कृती’, ‘आपले वाङ्मय’ म्हणताना हे नाव किती वेळा घेतले गेले आहे! कासव काही एकाच देशात सापडत नाही.

कादंबरीचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. ओकोंक्वोचे प्रेत झाडाला लटकत असते, आणि जिल्ह्याचा गोरा अधिकारी आपल्या भावी ग्रंथाचा विचार करीत निघून जातो. या माणसावर एखादे प्रकरण लिहिता येईल. निदान एक परिच्छेद तरी. ज्याचे आयुष्य आपण चोवीस प्रकरणे वाचले त्याला दुसऱ्याच्या गोष्टीत एक परिच्छेद! निवेदनाचा अधिकार हाती असणे म्हणजे काय, हे याहून थोडक्यात सांगणे शक्य नाही.

आणि तरीही वाचक हे विसरू शकतो. १९७५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात अचेबे यांनी शाळकरी मुलांकडून आलेल्या पत्रांचा उल्लेख केला आहे. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथील एका विद्यार्थ्याने ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचून कळवले होते, की आफ्रिकी जमातीचे रीतिरिवाज व अंधश्रद्धा कळल्यामुळे आनंद झाला. मुलाचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. परंतु याँकर्समधल्या त्याच्या स्वतःच्या ‘जमाती’तही चमत्कारिक चालीरीती व समजुती भरलेल्या आहेत, हे त्याच्या गावी नव्हते, असे अचेबे म्हणतात. म्हणजे इबादानच्या वर्गात जे घडले ते याँकर्सच्या वर्गात घडले नाही. पुस्तक बदलले, निवेदक बदलला, अभ्यासक्रम उदार झाला. वाचकाचे आसन मात्र त्या अधिकाऱ्याचेच राहिले. केवळ पाठ्यपुस्तक बदलून वर्ग बदलत नाही.

नैरोबी विद्यापीठात १९६८ साली न्गूगी वा थिओंगो, तबान लो लियोंग आणि हेन्री ओवुओर-अन्युम्बा या तिघा अध्यापकांनी इंग्रजी विभागच बंद करावा असे टिपण सादर केले, ते याच अस्वस्थतेतून. केंद्रस्थानी आफ्रिका असावी, मौखिक कथा-गीतांचा अभ्यास व्हावा, आणि मग तेथून इतर वाङ्मयांकडे पाहावे, ही त्यांची मागणी होती. पुढे तेथे साहित्याचा विभाग झाला आणि मौखिक साहित्याला स्थान मिळाले. न्गूगींच्या मागणीमागे बालपणीचा डंख होता. घरी शेकोटीभोवती गिकुयूमध्ये गोष्टी ऐकायच्या आणि शाळेच्या आवारात गिकुयू शब्द उच्चारला तर छडी खायची, अथवा आपण मूर्ख आहोत असे लिहिलेली पट्टी गळ्यात बाळगायची. ‘डीकॉलोनायझिंग द माइंड’ (१९८६) मध्ये त्यांनी सांगितले आहे की शाळेत एक गुंडी फिरवली जाई. मातृभाषा बोलताना जो सापडेल त्याच्या हाती ती द्यायची आणि दिवसअखेर कोणी कोणाला दिली याचा माग काढायचा. मुलांना एकमेकांचे हेर बनवणारी ही पद्धत ‘मूल्यशिक्षण’ नव्हती असे कोण म्हणेल? तुरुंगात असताना १९७८ साली न्गूगींनी शौचकागदावर गिकुयूमध्ये कादंबरी लिहिली ती त्या गुंडीची परतफेड होती. अचेबे मात्र इंग्रजीतच लिहीत राहिले. तिला वाकवून आपल्या अनुभवाचे ओझे उचलायला लावता येईल असा त्यांचा विश्वास होता. या दोघांच्या वादात निकाल देण्याची घाई मी करणार नाही. आर. के. नारायण यांच्या ‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) मधला कृष्णन राजीनामा देताना प्रथम साऱ्या शिक्षणपद्धतीवर तुटून पडणारे पत्र लिहू पाहतो. मग त्याच्या ध्यानात येते की हा तर शेक्सपिअर-शेलींवरच हल्ला होतो आहे, आणि तसे तर त्याला म्हणायचे नव्हते. तो साधे दोन ओळींचे पत्र देतो आणि लहान मुलांच्या शाळेत जातो. माझी वृत्ती कृष्णनच्या जवळची आहे. न्गूगींचे टिपण अधिक धैर्याचे आहे हे मान्य करूनही.

मराठीपुरते बोलायचे तर इंग्रजीच्या वर्गाचे सर्वांत सर्जक फळ शेक्सपिअरच्या रूपांतरांत नाही असे माझे मत आहे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि देवलांचा ‘झुंझारराव’ यांचे मोल मोठे आहे; पण ते फळ मला ‘गुलामगिरी’त दिसते. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, टॉमस पेन वाचून त्यांचे विचार घडले. १८७३ साली त्यांनी हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केले. परंतु आतली गोष्ट कोणती? वामन आणि बळी यांची. प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली. तीन पावले भूमी मागणारा बटू आणि पाताळात गाडला गेलेला राजा. फुल्यांनी घटनांना फारसा हात लावला नाही, सांगणारा बदलला. बळी न्यायी राजा झाला आणि वामन आक्रमक. दिवाळीत बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या बायकांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याला त्यांनी ग्रंथाचे रूप दिले. न्वोयेच्या प्रश्नासारखाच प्रश्न त्यांच्यापुढेही होता. आपल्या गोष्टीत आपल्याला जागा नाही. न्वोयेने नाव बदलले, फुल्यांनी निवेदक बदलला. इंग्रजी शिक्षणाने त्यांना नवी गोष्ट दिली यापेक्षा, जुनी गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगता येते हे धाडस दिले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रसंग. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भारतीय साहित्याच्या इंग्रजी अनुवादांची एक प्रश्नपत्रिका होती आणि तीत बेबी कांबळे यांच्या आत्मकथनातील काही प्रकरणे होती. मूळ पुस्तक ‘जिणं आमुचं’ १९८६ सालचे. माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद २००८ साली ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ या नावाने आला. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलेले हे पुस्तक. महारवाड्यातील आषाढाचे वर्णन वर्गात वाचून झाले, आणि मी अगदी सहजपणे, वर्ग जिवंत व्हावा म्हणून, विचारले, “तुमच्यापैकी कोणाच्या गावी अजून असं काही होतं का?”

कोणी बोलले नाही. परंतु तीन-चार माना एका बाकाकडे वळल्या. त्या बाकावरच्या मुलीने वहीत खाली पाहिले. ती घंटा संपेपर्यंत वर आली नाही. मी इबादानच्या त्या अध्यापकांइतकाच सद्भावनेने वागलो होतो, आणि याँकर्सच्या मुलाइतकाच अडाणीपणाने. तिच्या हाती तिच्या लोकांची कथा देण्याऐवजी मी तिलाच कथेचा नमुना करून टाकले होते. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत पिनांनी टोचलेला नमुना असतो, तसा.

चार दिवसांनी ती खोलीत आली. हातात वाचनालयाच्या शिक्क्याचे मराठी पुस्तक होते. “सर, इंग्रजी नावात नुसतं ‘वी’ आहे. मराठीत ‘आमुचं’ आहे, ‘आपलं’ नाही.” मी म्हणालो, “हो, इंग्रजीत तो भेदच नाही.” ती म्हणाली, “म्हणूनच विचारते. परीक्षेत आम्ही ‘वी’ लिहायचं तर त्यात मी असणार, बाकीचे नसणार. मग त्यांनी काय लिहायचं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तिला, तिची इच्छा असेल तर, मूळ मराठीतले एक पान वर्गात वाचण्याविषयी विचारले. दोन दिवस विचार करून तिने होकार दिला, आणि तिने वाचले. इंग्रजीत त्या वाड्यातल्या साऱ्या बायका साधारण एकसारख्या बोलत होत्या. मराठीत प्रत्येकीचा आवाज वेगळा निघाला. काही ठिकाणी वर्ग हसला. ते हसणे वर्णनाला नव्हते, त्या बायकांच्या विनोदाला होते. या पुस्तकात विनोद आहे हे इंग्रजी पाठ शिकवताना माझ्याही ध्यानात आले नव्हते. अनुवादाला यात दोष देण्याचे कारण नाही. त्या अनुवादामुळेच हे पुस्तक मद्रासला आणि गुवाहाटीला वाचले जाते. मूळ भाषा ज्यांना येते अशा मुलांसमोर तो एकटाच ठेवणे, हा दोष आमचा.

त्यानंतर मी माझा प्रश्न बदलला. ‘तुमच्याकडे असे आहे का’ हे विचारणे सोडले, आणि प्रत्येक उताऱ्याला ‘येथे “वी” म्हणजे आम्ही की आपण, आणि ते कोण ठरवते’ हे विचारू लागलो. प्रश्न व्याकरणाचा असल्यामुळे कोणालाही उघडे पडावे लागत नव्हते, आणि तरी कोणाला सुटकाही नव्हती. एका सधन घरच्या मुलाने वर्गात विचारले, “सर, या पुस्तकात मी कोणत्या सर्वनामात आहे?” वर्ग गप्प झाला. मी काही सांगण्याच्या आत तोच म्हणाला, “बहुतेक ‘ते’मध्ये.” दुसऱ्यांच्या कथेत आपण तृतीयपुरुषी आहोत, आणि तेही फारसे भले नाही, हे कळणे हासुद्धा आत्मशोधच. किंबहुना त्या मुलाच्या बाबतीत तो अधिक कठीण होता. तोपर्यंत त्याने वाचलेल्या साऱ्या पुस्तकांत तो न मागता ‘आपण’मध्ये बसलेला होता. त्यानंतर काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलू लागला. त्याच्यात काय बदल झाला याविषयी दावा करण्याचा मला अधिकार नाही.

अचेबे यांच्या ‘अँटहिल्स ऑफ द सव्हाना’ (१९८७) या कादंबरीत एक वृद्ध पुढारी रणभेरी, युद्ध आणि त्यानंतर सांगितली जाणारी कथा यांची तुलना करतो आणि कथेला श्रेष्ठ ठरवतो, कारण तीच मागे उरते व पुढच्यांना वाट दाखवते. हे मी पूर्वी मोठ्या आवाजात शिकवीत असे. आता तेथे थोडा थांबतो. कथा वाट दाखवते तशी ती काहींची वाट अडवतेही. न्वोयेच्या बापाच्या गोष्टींनी न्वोयेची अडवलीच होती. कथेचे सामर्थ्य सांगताना तिचे हे दुसरे सामर्थ्य आपण वगळतो, कारण आपण तिच्या व्यवसायात आहोत.

राहता राहिली परीक्षा. त्या प्रश्नपत्रिकेत दरवर्षी ‘आत्मकथनातून व्यक्त होणारी मूल्ये विशद करा’ या आशयाचा प्रश्न असे, आणि त्याचे उत्तर बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकात समता, शिक्षण, संघर्ष, स्वाभिमान अशा चार मथळ्यांखाली तयार असे. अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत मी सुचवले, की त्याऐवजी दहा गुणांचा एक प्रश्न ठेवावा. इंग्रजी उताऱ्यातील एक परिच्छेद विद्यार्थ्याने आपल्या घरच्या बोलीत पुन्हा सांगावा, आणि सांगताना कोणता शब्द अडला, कोणते सर्वनाम निवडावे लागले, ते इंग्रजीत लिहावे. एका सदस्यांनी विचारले, बोलीतील उत्तरे तपासणार कोण? प्रश्न रास्त होता. गडचिरोलीच्या मुलाची माडिया सोलापूरच्या परीक्षकाला कशी कळावी? मी म्हणालो, इंग्रजीत लिहिलेला भाग तपासावा, बोलीतला नुसता वाचावा. कळला नाही तर कळला नाही. असा उतारा गुणपत्रिकेत बसवता येत नाही, असे ठरले. सूचना पुढील बैठकीत विचारात घ्यावी अशी नोंद झाली. पुढील बैठकीपूर्वी मी निवृत्त झालो.